सव्वा मूठ

श्रावण लागला आणि पावसानं पाठ फिरवली. आषाढात पडायचा तेवढा पडून घेतला, कपाशीच्या बुडाशी तण माजवलं, आणि ऐन पाती लागायच्या वेळी आभाळ कोरडं ठणठणीत. हेमकांत पाटील रोज सकाळी अंगणात उभा राहून वर बघायचा आणि काही न बोलता चहा प्यायचा. विहीर होती, पण ती एकट्याची थोडीच? चार घरच्या भाऊबंदकीची एक विहीर, पाण्याच्या पाळ्या बांधलेल्या, आणि मोटारीच्या पेटीची चावी भूपेशकडे, कारण पेटी त्याच्या केळीच्या बांधावर. भूपेश हा हेमकांतचा चुलतभाऊ. पस्तिशीचा, हसतमुख. कुणाचं ट्रॅक्टर अडो की कुणाची म्हैस, हा पुढे. त्याला नाव ठेवणारा माणूस गावात शोधूनही सापडला नसता.

त्यातच यंदा कानबाईचे, म्हणजे कुलदेवीच्या नैवेद्याचे, रोट हेमकांतच्या घरी. चार घरांत पाळीनं येतात, म्हणजे चार वर्षांतून एकदा. नागपंचमीनंतरच्या रविवारी बाई बसवायची, सोमवारी नदीला पोचवायची, आणि रोट खायचे ते फक्त भाऊबंदकीनं, सगळ्यांनी, एका छपराखाली. एक जरी रुसून घरी बसला तरी रोट मोडला. आणि मोडला की तीन वर्षं बाई चारही घरांत येत नाही, असं कौसाबाई सांगायची. कौसाबाई म्हणजे भूपेशची आई, चारही घरांत सगळ्यात म्हातारी. तिच्या शब्दापुढे पुरुषसुद्धा जात नसत.

म्हणून हेमकांतची बायको मीनाबाई पंधरा दिवस आधीपासून घर धूत होती. भिंतींना चुना झाला, गोधड्या झाल्या, मग घरभराचे कपडे निघाले. शनिवारी त्या ढिगातून तिच्या हाती चारूचा पोपटी कुडता लागला.

चारू म्हणजे चारुलता, तिची एकुलती एक. सोळा वर्षांची, शहाद्याला अकरावीत. कुडत्याच्या पाठीवर काळपट डाग होते, चांगले पंज्याएवढे. केळीचा चीक. या पट्ट्यात दुधपित्या पोरालाही कळतं की कपडा फाटेल, पण चिकाचा डाग जायचा नाही. मीनाबाईनं साबण लावला, लिंबू चोळलं आणि मग तिचा हात थांबला. केळीत राबणाऱ्याला चीक हाताला लागतो, पोटाला लागतो. पाठभर कसा लागला?

“चारू, हाई काय व? केळीमा कव्हय गयती तू?”

चारू ओट्यावर बसून पितळी समया चिंचेनं घासत होती. तिनं कुडत्याकडे पाहिलं आणि तिला हसू आलं. का आलं, ते तिचं तिलाही कळलं नाही. मग चिंचेचा हात तसाच तोंडाकडे गेला, डोळे चुरचुरले, पाणी वाहायला लागलं. आधी तिला वाटलं, चिंचेनंच वाहतंय.

सांगितलं तेही सगळं उलटंसुलटं. कालची, शुक्रवारची गोष्ट. ती बापाचा डबा घेऊन वावराकडे निघाली होती. भूपेशकाकानं बांधावरून हाक मारली, “चावी लई जाय व, तुन्हा बापनी पाळी दोनले शे.” चावी आत खोडापाशी ठेवलीय म्हणाला, म्हणून ती केळीत गेली. मग डब्याचं झाकण उघडलं ते तिनं सांगितलं. वरण सांडलं ते सांगितलं. मुंगळे आले ते सांगितलं. मधलं सांगायला गेली की शब्द मागचे पुढे व्हायचे. पण मीनाबाईला समजायचं ते समजलं. ती ओल्या फरशीवर मटकन बसली.

“तू आरडनी नही?”

“नही.”

“काबर व माय?”

“माले माहीत नही, आई.”

आणि ते खरंच होतं. चारूला काल दुपारपासून तेवढं एकच समजत नव्हतं. तोंड उघडं होतं, आवाज का आला नाही? आणि त्याहून वाईट एक होतं, ते तिनं आईलाही सांगितलं नाही. सगळं झाल्यावर तो उभा राहिला, लुंगी झटकली आणि रोजच्याच आवाजात म्हणाला, “जाय आते. चावी मीच लई येस, बापले सांग.” आणि ती म्हणाली, “हो काका.” कुणी तिला दुकानातून साखर आणायला सांगावी आणि तिनं हो म्हणावं, तशी.

मीनाबाई उठली. तिनं लेकीला न्हाणीत नेलं, कढत पाणी डोक्यावरून घातलं, लहानपणी घासायची तसं अंग घासून काढलं. कुडता चुलीत सारला. तो जळेपर्यंत ती फुंकणीनं फुंकत राहिली, आणि धुरानं डोळे लाल झाले तेव्हा तिला रडायला निमित्त मिळालं.

“हाई देख, चारू. आते नको बोलू. बाई बठी जाऊ दे, रोट होऊ दे. सोमवारे बाई पाणीमा गई का मी सोता तुन्हा बापले सांगसू. तुन्ही आण लेस. आते बोलनूत त रोट मोडी. झाकेल मूठ सव्वा लाखनी, माय. नऊ दिन. फक्त नऊ दिन.”

आता कुणी म्हणेल, ही कसली आई? म्हणा बापडे. पण मीनाबाई दगडाची नव्हती. लग्नानंतर सहा वर्षं तिची कूस उजवली नव्हती, तेव्हा याच बाईपुढे पदर पसरून तिनं चारू मागून घेतली होती. बाईनं दिलेली पोर, आणि आपल्याच घरी बाईचा रोट मोडायचा? मोडला तर झळ कुणाला लागेल? पोरीलाच. तिचा हिशेब असा होता. लेकीला जपायचं म्हणून तिनं लेकीचं तोंड बंद केलं, आणि आपण जपतोय याबद्दल तिला तीळभर शंका नव्हती.

रविवारी आणि सोमवारी मायलेकी कपाशी निंदायला गेल्या. ऊन असं की जमीन भेगाळलेली, तण हाताला येत नव्हतं, विळ्यानं खरवडून काढावं लागत होतं. चारू ओळीत उकिडवी बसली की पाठीत कळ यायची. मागून कुणी आलं की विळ्यावरची बोटं पांढरी पडायची. एकदा तर येणारा बापच होता.

“काय व, विळा काय उगारस मन्हावर!” हेमकांत हसला. “शुक्रवारे वरण सांडी दिधं, आज बापले कापी टाकशी का? ध्यान कोठे शे तुन्हं?”

चारूही हसली. हसता येत होतं, हेच तिला विचित्र वाटायचं. भूक लागत होती, झोप लागत होती, आणि मध्येच भाकरी तोंडात असताना केळीचा तो ओला कडवट वास यायचा आणि घास फिरायचा. मग ती बाहेर जाऊन थुंकायची आणि आत येऊन उरलेली भाकरी खायची. आपल्याला नक्की काय झालंय? झालंय ना? का आपणच वाढवून घेतलंय?

सोमवारी दिवस कलायच्या आत भूपेश घरी आला. आल्या आल्या बाहेरूनच आवाज, “वहिनी, कानबाईना चुना भारी दिधा व!” खाटेवर बसला, टोपी मांडीवर ठेवली. हेमकांतनं कुरबुर केली, शुक्रवारची दोनची पाळी सहाला मिळाली, चार तास वाया गेले.

“फ्यूज उडेल व्हता ना भाऊ. मन्हा जीवले काय कमी घोर लागना? तुले आज दोन तास जास्ती देस, मंग त व्हयनं?”

हेमकांतचा चेहरा उजळला. कोरड्या श्रावणात दोन तास पाणी कोण देतो? त्यानं आत हाक मारली, “चारू, काकाले चहा आन!”

चारूनं चहा ठेवला. दूध उतू गेलं, पुसलं, पुन्हा ठेवलं. कपबशी उचलली. ती दाराच्या आतच उभी राहिली. पाय पुढे जाईनात. बाहेरून भूपेश म्हणाला, “अभ्यास कसा चालू शे चारूना? शहादाले जास ना रोज?” आवाजात काहीच नव्हतं. ओशाळणं नाही, धमकी नाही. शुक्रवारचा माणूस आणि हा माणूस एकच असेल, तर यानं निदान तिच्या नावाशी अडखळायला नको का? अडखळला नाही, म्हणजे याच्या लेखी काही झालंच नाही. मग झालं ते फक्त तिच्या एकटीच्या अंगावर झालं का?

मीनाबाईनं मागून येऊन कपबशी तिच्या हातातून काढून घेतली आणि स्वतः बाहेर नेली. “ल्या भाऊ,” म्हणाली. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला, नजर खाली. भूपेशनं फुरका मारला आणि म्हणाला, साखर बेताचीच आहे. दारात उभ्या चारूला आईचा भयंकर राग आला. आणि मग लगेच वाटलं, बिचारी करणार तरी काय.

मंगळवारी ती शहाद्याला गेली, पण कॉलेजपर्यंत पोचलीच नाही. स्टँडवर उतरली आणि बाकावर बसून राहिली. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, धडगावच्या गाडीला झुंबड उडत होती. शेजारी कुणीतरी वर्तमानपत्र टाकून गेलं होतं. तिनं उगाच चाळलं. असल्या बातम्या तिनं आधीही वाचल्या होत्या. त्यांत एक ठरलेला शब्द असतो, ‘नराधम’. भूपेशकाका नराधम? त्यानं तिला पहिलीत असताना खांद्यावर बसवून पोळ्याचे बैल दाखवले होते. दहावीचा निकाल लागला तेव्हा पेढे त्यानंच वाटले होते. तो नराधम नसेल, तर तिच्यावर जे झालं त्याचं नाव काय? आणि नराधम असेल, तर पेढ्यांचं काय करायचं? बसून बसून तिचं डोकं दुखायला लागलं. दुपारच्या गाडीनं ती परत आली आणि आईला म्हणाली, आज तास लवकर सुटले.

गुरुवारी मीनाबाईनं गहू निवडायला घेतले. शुक्रवारी मूठ होती. रोटाची मूठ म्हणजे चारही घरांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. पाळण्यातलं पोरगं असलं तरी त्याची मूठ, परगावी नोकरीला असला तरी त्याची मूठ. नाव मोठ्यानं घ्यायचं, मग मूठ टाकायची. तेच गहू शनिवारी धुतलेल्या चक्कीवर दळून रविवारी रोट व्हायचे. मूठ आजवर कौसाबाई टाकायची, पण महिन्यापूर्वी ती शेवाळावरून घसरली होती आणि उजवा हात प्लास्टरमध्ये होता. यंदा मूठ घरधनीण म्हणून मीनाबाईची. आणि नावं घ्यायची चारूनं. सातवीत असल्यापासून तीच घ्यायची, कारण तिचा आवाज खणखणीत होता आणि एकोणीसच्या एकोणीस नावं तिला पाठ होती.

“आई,” खडे वेचता वेचता चारू म्हणाली, “त्यानं नाव माले घेनं पडी?”

मीनाबाईची बोटं गव्हात थांबली. “नाव घेवावर काय व्हस व? तोंडथून निंघस आनि वारावर जास.”

“आनि रविवारे? तो आठेच जेवी ना? मी वाढू?”

“तू चूलपाशीच बठ. मी वाढसू.” मग ती हळूच म्हणाली, “सोमवार काय दूर शे का, माय?”

चारूनं पुढचा खडा वेचला. सोमवार तिला दिसतच नव्हता. शुक्रवार दिसत होता, रविवार दिसत होता. त्या रविवारी ज्या पिठाचा रोट तो खाईल, त्याच पिठाचा तिला खावा लागणार होता, आणि मग पुढे कुणी विचारलंच तर म्हणणार, रोट तर सोबत खाल्ला ना तू? तेवढं तिला स्वच्छ कळत होतं. बाकी सगळा गोंधळ, पण तेवढं एक स्वच्छ.

शुक्रवारी बाराच्या सुमारास बाया जमल्या. पुरुषांचं तिथे काम नसतं. अंगण शेणानं सारवलेलं, मधोमध पाट, पाटावर नवं सूप, बाजूला गव्हाचं पोतं. कौसाबाई भिंतीला टेकून बसली, गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात मांडीवर. तिच्या शेजारी भूपेशची बायको प्रतिभा, हिरवी साडी नेसून, केसांत कण्हेर माळलेली. तिसऱ्या घरची प्रमिलाबाई बोलण्यात सगळ्यांच्या पुढे. चौथ्या घरच्या दोघी सुना. गाणं म्हणून झालं. मीनाबाईनं सुपाला हळदकुंकू वाहिलं आणि पोत्यात हात घातला.

“चाल व चारू,” कौसाबाई म्हणाली. “मोठा घरथून.”

मोठं घर म्हणजे कौसाबाईचं. त्या घराचा कर्ता भूपेश. म्हणजे पहिलंच नाव.

चारू उभी होती. “हेमकांत,” ती म्हणाली.

“अव, बापनी एवढी घाई?” प्रमिलाबाई खिदळली. “पोर बापवेडी शे, बरं का! घ्या, बापनी मूठ पहिली.” बाया हसल्या. कौसाबाईच्या कपाळाला आठी पडली, पण मूठ सुपात पडली होती. पडलेली मूठ परत काढत नाहीत.

चारू भराभर नावं घेत सुटली. एकामागून एक, न थांबता. योगेंद्र. मगन. अमृत. पुण्याला नोकरीला असलेले, सैन्यात असलेला, भूपेशची दोन्ही पोरं, पाळण्यातला चार महिन्यांचा. मीनाबाईला मूठ भरायलाही वेळ पुरेना. मग ती थांबली.

“अठरा व्हयन्यात,” कौसाबाई म्हणाली. म्हातारीनं डाव्या हाताच्या पेरांवर मोजलं होतं. “एक राहिना. मन्हा भूपेश राहिना.”

चारूनं सुपाकडे पाहिलं.

“म्हन ना व. इसरी गई का?”

“इसरी गई व्हई,” मीनाबाई घाईघाईनं म्हणाली. “दोन दिनथून अंग गरम शे पोरनं. मीच म्हनस.” आणि तिनं पोत्यात हात घालून गच्च मूठ भरली. “भूपेशभाऊ,” ती म्हणाली, आणि मूठ सुपाकडे नेली.

चारूनं ती मूठ पाहिली. आईची मूठ. न्हाणीत तिचं अंग घासणारी, कपबशी काढून घेणारी. तिला काय झालं ते तिलाच कळलं नाही. तिनं वाकून आईचं मनगट धरलं. इतकं जोरात, की बांगडी पिचली.

“नको टाकू. त्यानी नको टाकू, आई.”

“चारू, सोड.”

“नही.”

“हाई काय नाटक व?” प्रतिभा ताडकन म्हणाली. “मन्हा घरधनीनी मूठ काबर नको?”

आणि चारू बोलली. आवाज खणखणीत होता, मघा नावं घेताना होता तसाच.

“मागला शुक्रवारे काकानं माले चावी देस सांगीसन केळीमा बलायं. तठे माले खाली पाडं. मन्हावर जबरदस्ती करी. मी आरडनी नही. मंग तो म्हने जाय आते, आनि मी म्हनं, हो काका.”

पोत्याच्या तोंडाशी एक चिमणी दाणे टिपत होती, तिला हाकलायचंही कुणाला सुचलं नाही.

“जीभ झडी तुन्ही!” प्रतिभा किंचाळली. “सोन्यासारखा माणूस! तुन्हा बापले दोन तास पाणी दिधं त्यानं, आनि तू... फ्यूज उडेल व्हता शुक्रवारे, तो पेटीजोडेच व्हता दिनभर, तुले चावी कसानी देई तो?”

“फ्यूज?” कौसाबाई म्हणाली. म्हातारी गोंधळून गेली होती, एकदा सुनेकडे, एकदा चारूकडे बघत होती. “फ्यूज कसाना? चावी त घरच राहेल व्हती शुक्रवारे. मन्हा खाटनी खुंटीले. तो सहाले उना तव्हय मीच त्याले...” आणि तिथे ती थांबली. आपण काय बोललो ते तिला बोलल्यावर कळलं.

चावी केळीत नव्हतीच. चारूला हे पहिल्यांदाच कळत होतं. आठ दिवस ती स्वतःला विचारत होती, मी आत का गेले, मी चावी बाहेर मागायला हवी होती, मी असं करायला हवं होतं, तसं करायला हवं होतं. आणि चावी तिथे नव्हतीच.

मीनाबाईची मूठ अजून हवेतच होती. तिनं ती उघडली. गहू पोत्यात पडले. मग तिनं दोन्ही हातांनी सूप उचललं, अठरा माणसांचे सव्वा-सव्वा मूठ गहू, हळदकुंकवासकट, आणि पोत्यात उलटं केलं. प्रमिलाबाईच्या तोंडून “अव माय वं!” निघालं. कौसाबाईनं डोळे मिटून घेतले.

“रोट नही व्हवाव,” मीनाबाई म्हणाली. ती प्रचंड घाबरली होती, नवसाच्या बाईला, भाऊबंदकीला, सगळ्याला. “मन्हा घरमा नही व्हवाव. जा तुम्ही.”

प्रतिभा तोंडाला येईल ते बोलत, रडत निघून गेली. सुनांनी पोरं उचलली. कौसाबाई मात्र बसूनच होती. ती कुणाच्याच बाजूनं काही बोलली नाही. मीनाबाईनं लेकीला म्हटलं, “चप्पल घाल. तीननी एस्टी शे,” तेव्हा म्हातारीनं थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. दोघी बाहेर पडल्या तेव्हा तिनं फक्त पाय जवळ ओढून घेतले, त्यांना वाट मिळावी म्हणून.

गावापासून फाटा अर्ध्या कोसावर. उन्हात चालता चालता मीनाबाईनं हेमकांतला फोन लावला. काय बोलली ते चारूनं ऐकलं नाही, ती चार पावलं पुढे चालत राहिली. फाट्यावर निंबाखाली दोघी उभ्या राहिल्या. थोड्याच वेळात हेमकांत आला, पळत, वावरातून सरळ. गुडघ्यापर्यंत चिखल. आज त्याची पाळी होती आणि पाणी तसंच चालू सोडून आला होता. एरवी एक वाफा फुटला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस.

तो चारूसमोर उभा राहिला. तिच्या डोक्यावर हात ठेवायला त्यानं हात उचलला आणि मध्येच थांबवला. ठेवावा का, त्याला कळेना. चारूलाही कळेना. हात थोडा वेळ तसाच राहिला, मग त्यानं तो खिशात घातला.

“माले काबर नही सांगं व, माय?” तो म्हणाला. तो रडत होता.

“मी नको म्हनं,” मीनाबाई म्हणाली. “तिनं माले शनवारेच सांगं.”

हेमकांत बायकोकडे बघत राहिला.

“आई,” चारू म्हणाली. “तठे पोलीस इचारतीन ना? काय सांगू मी?”

“आते अंगणमा जे सांगं तेच.”

“मी काय सांगं?” चारूनं विचारलं. ती खरंच विचारत होती. बोललेलं तिच्या डोक्यातून पुसून गेलं होतं, फक्त बांगडी पिचल्याचं आठवत होतं. “माले याद नही, आई. मी काय म्हनं?”

मीनाबाईनं रस्त्याकडे पाहिलं. आठ दिवस तिच्या तोंडून त्या गोष्टीचा एक शब्द निघाला नव्हता. ‘ते’ म्हणायची, ‘तसं’ म्हणायची. तिनं पदर कमरेला खोचला आणि नवऱ्यादेखत, मोठ्यानं, एकेक शब्द सांगितला. “मागला शुक्रवारे काकानं माले चावी देस सांगीसन केळीमा बलायं. तठे माले खाली पाडं. मन्हावर जबरदस्ती करी.” ती थांबली, श्वास घेतला. “मी आरडनी नही. मंग तो म्हने जाय आते, आनि मी म्हनं, हो काका.”

“हो काका, हाईबी सांगनं पडी?”

“पडी.”

“आनि मंग?”

“मंगनं तू नको सांगू,” मीनाबाई म्हणाली. “कुडता चुल्हामा टाका. तुन्हं अंग धुवं. आठ दिन तुले गप ठेवं, त्याले मन्हा हातथून चहा दिधा. ते मन्हं शे. ते मी सांगसू.”

दूर वळणावर एस्टी दिसली. हेमकांत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून हलवायला लागला. या फाट्यावर एस्टी तशीही थांबतेच.